इंजिन कुणाचं?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. तो सोहळा मी टीव्हीवर पूर्ण बघितला. विमानांवर पाण्याचे फवारे सोडले, जुने वैमानिक गहिवरले, निवेदक तर जरा जास्तच गहिवरले. बासष्ट वर्षं सेवा दिलेलं विमान जायचं म्हणजे वाईट वाटणारच. मलाही वाटलं.

संध्याकाळी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. माझ्या अगदी सुरुवातीच्या वर्गातला. दहावीनंतर आयटीआय करून नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. मिग-२१ चे सांगाडे याच कारखान्यात तयार व्हायचे. म्हणाला, "बाई, बघितलंत का? आमच्या हातची विमानं होती ती."

मी सहज विचारलं, "इंजिनसुद्धा तुम्हीच बनवायचात का रे?"

"नाही बाई, इंजिनं ओरिसातून, कोरापूटहून यायची. तिथंही सगळं रशियाच्या ड्रॉइंगप्रमाणेच. आमच्याकडेही तेच. काय आणि कसं करायचं ते सगळं लिहून दिलेलं असायचं. पण ते तसंच का करायचं, हे कुठं लिहिलेलं नसायचं."

हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. सनावळी पाठ करून घेतली, "का" विचारायला वेळ मिळाला नाही, त्याचीही जराशी टोचणी असेल. असो.

आता आमच्या कट्ट्याबद्दल सांगते. सोसायटीत खाली बाकांवर संध्याकाळी आम्हा निवृत्तांची बैठक जमते. त्यात एक बँकेतले मोठे अधिकारी आहेत. परराष्ट्र धोरणाचं खातं त्यांच्याकडे! २०१९ साली ह्यूस्टनला "हाउडी मोदी" झालं तेव्हा ते म्हणाले, "आता अमेरिका आपली." ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून त्याच अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं, तेव्हा म्हणाले, "अमेरिका आपली कधीच नव्हती हो. खरा मित्र रशिया." चारच दिवसांनी पंतप्रधान चीनमध्ये तियानजिनला गेले आणि तिघा नेत्यांचा हसतानाचा फोटो आला. हे म्हणाले, "बघा, आता चीनशीही जमणार." मी म्हटलं, "आणि गलवानमध्ये २०२० साली आपले वीस जवान गेले त्याचं काय?" तर मला उत्तर मिळालं, "बाई, हे जागतिक राजकारण आहे. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

बरं, कळतं का ते बघूया.

माझ्या पिढीने या मैत्रीचे सगळे खेळ बघितले आहेत. १९५४ साली पंचशील झालं. "हिंदी-चिनी भाई-भाई" हे आम्ही शाळेच्या प्रभातफेरीत ओरडलोय. अर्थ कळायचं वय नव्हतं, पण घशाच्या शिरा ताणून ओरडलोय. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी सैन्य आत घुसलं. महिनाभरात अशी वेळ आली की अलिप्ततेचे शिल्पकार नेहरू यांनी केनेडींना पत्रं लिहून अमेरिकन लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रन मागितली. मी नेहरूंची टवाळी करत नाहीये. घरात चोर शिरल्यावर माणूस शेजाऱ्याचं दार वाजवतोच. पण शेजारी उठेल तेव्हा उठेल. तोवर चीनने स्वतःच युद्धबंदी जाहीर केली. मेनन गेले, यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून महाराष्ट्राची छाती फुगली.

त्या दिवसांत राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायका अंगावरचं सोनं देत होत्या. माझ्या आईने एक पाटली दिली. दोन्ही द्यायचा धीर झाला नाही, कारण घरात बहिणीचं लग्न होतं. नंतर जोडीची दुसरी घडवू, असं वडील म्हणाले. पण जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी! परकीय चलन वाचवायचं होतं, सोन्याची तस्करी थांबवायची होती. म्हणजे देशासाठी सोनं दिलेल्या बाईला त्याच सोन्याची जोड कायद्याने घडवता येईना. आणि आमच्या गल्लीतला सोनार शेगडी विझवून बसला. बाजारात ओझी उचलताना मी त्याला पाहिलं आहे. संरक्षण खर्च म्हणजे काय, हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून नाही कळलं. एका वर्षात तो खर्च कुठल्या कुठे गेला, १९६३-६४ साली आठशे कोटींच्या पुढे. माझं म्हणणं एवढंच की हा पैसा असा उभा राहिलेला असतो. तेव्हा त्यातून काय घेतलं, हे विचारायचा हक्क त्या सोनाराला आहे, माझ्या आईला आहे. आणि ती नाही म्हणून मला आहे.

मग ऐका काय घेतलं आणि काय नाही घेतलं ते.

फार थोड्या लोकांना माहीत असेल, की १९६१ सालीच भारताने स्वतःचं लढाऊ विमान उडवलं होतं. त्याचं नाव मारुत. कुर्ट टँक या नामांकित जर्मन अभियंत्याला बंगलोरला आणून आपल्या माणसांनी त्याच्या हाताखाली ते तयार केलं. १७ जून १९६१ ला ते आकाशात गेलं, तेव्हा चीनलासुद्धा अशी गोष्ट जमलेली नव्हती. सांगाडा इतका उत्तम की ध्वनीच्या दुप्पट वेगाने जावा, अशी कल्पना होती. अडलं कुठं? इंजिनापाशी! ब्रिटिश कंपनीचं जास्त ताकदीचं इंजिन पुरं करायला पैसे हवे होते. ते द्यायला दिल्लीने नकार दिला. मग त्याच कंपनीचं कमी ताकदीचं इंजिन बसवलं. पुढे इजिप्तच्या इंजिनाचा प्रयोग झाला. आपलं एक मारुत तिकडं पाठवूनही दिलं होतं. तेही बारगळलं, कारण इजिप्तनेच प्रकल्प सोडला. बिचारं मारुत १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर चांगलं लढलं, आणि इंजिनाविना कुपोषित राहून गेलं. घोडा आपला, पण चंदी दुसऱ्याच्या दारात, अशी त्याची गत.

याच सुमाराला आपण रशियाकडून मिग घेतली. करार ऑगस्ट १९६२ चा, म्हणजे चिनी आक्रमणाच्या आधीचा. तेव्हा ते बरोबरच होतं, कारण दुसरं कुणी असं विमान देतही नव्हतं आणि कारखानाही काढून देत नव्हतं. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने आपल्याला आणि पाकिस्तानला दोघांनाही शस्त्रं देणं थांबवलं. पुढच्या वर्षी तिथले अध्यक्ष जॉन्सन आपल्याला गहू मोजूनमापून, जहाज-जहाज करून सोडत होते. व्हिएतनामबद्दल आम्ही टीका करू नये म्हणून. रेशनवरच्या मिलोच्या लाल भाकऱ्या खाल्लेली माणसं अजून जिवंत आहेत, मी त्यांतली एक. ती भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, ते आम्ही सोडलं. पण त्यानंतर देशाने काय केलं ते महत्त्वाचं आहे. बियाणं आणलं, कृषी विद्यापीठं काढली, धरणं बांधली, शेतकऱ्याला भाव दिला, आणि गव्हाच्या बाबतीत कुणापुढे हात पसरायची वेळ संपवली. गव्हाचं जमलं. इंजिनाचं का नाही जमलं? हा माझा प्रश्न आहे.

कट्ट्यावर म्हणतात, १९७१ ला रशिया पाठीशी उभा राहिला. राहिलाच. ९ ऑगस्ट १९७१ चा करार, सुरक्षा परिषदेतले नकाराधिकार, बंगालच्या उपसागरात आलेलं अमेरिकेचं आरमार, हे सगळं मी वर्गात रंगवून शिकवलं आहे. पण वीसच वर्षांत तो सोव्हिएत संघच राहिला नाही. त्याचे सुटे भाग बनवणारे कारखाने पंधरा वेगवेगळ्या देशांत वाटले गेले आणि आपले लोक नट-बोल्टसाठी दारोदार फिरू लागले. मित्राने दगा दिला नाही हो, मित्र मेला! दोन्हीचा परिणाम आपल्यासाठी सारखाच.

अमेरिकेचंही ऐका. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. लगेच निर्बंध आले. तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाचं काम करायला आपले शास्त्रज्ञ अमेरिकेत एका कंपनीत बसले होते, त्यांना बाहेर काढलं आणि सामानही अडवून ठेवलं. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटनची, पण त्यांचे भाग अमेरिकेच्या परवानगीने येणारे, म्हणून तीही जमिनीवर बसली. आपल्या लोकांनी ती नियंत्रण प्रणाली घरीच पूर्ण केली आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. कौतुक वाटतं. पण त्याच्या पोटात इंजिन कुणाचं होतं? अमेरिकेचं. आजही अमेरिकेचंच आहे. २०२१ साली सरकारने ८३ तेजसची मागणी नोंदवली आणि त्यासाठी ९९ इंजिनं अमेरिकन कंपनीकडून ठरवली. त्यातलं पहिलं हातात पडायला मार्च २०२५ उजाडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या नाशिकच्या कारखान्यातून पहिलं तेजस उडालं, तेव्हा इथल्या पेपरांत पानभर फोटो होते. इंजिनाबद्दल एक ओळ शोधून सापडली.

तुम्ही म्हणाल, बाई, प्रयत्न तर झाला ना? झाला. कावेरी नावाचं इंजिन १९८९ साली मंजूर झालं. अंदाज ३८३ कोटींचा होता, तो वाढत २,८३९ कोटींवर गेला, महालेखापालांनी ताशेरे ओढले, आणि २००८ साली ते तेजसपासून वेगळं करण्यात आलं. लगेच आपल्याकडे "सरकारी नोकरांनी पैसे खाल्ले", "आपल्याला जमायचं नाही" सुरू झालं. मी जरा गणित मांडलं. (बी.ए. मराठी माध्यम असले तरी त्रैराशिक येतं.) २०१६ साली आपण फ्रान्सकडून ३६ राफेल विमानं सुमारे ५९ हजार कोटींना घेतली. म्हणजे सगळा सरंजाम धरून एक पडलं सोळाशे कोटींच्या पुढे. कावेरीवर वीस वर्षांत केलेला खर्च दोन राफेलच्याही खाली येतो! रुपया घसरला, काळ बदलला, सगळं मान्य. तरी दोन विमानांच्या पैशात जगातली सर्वांत अवघड वस्तू तयार होईल, अशी आशा धरणाऱ्याला काय म्हणावं? चीनची इंजिनंही वर्षानुवर्षं फसत होती. तेही रशियाची इंजिनं विकत घेत होते. पण त्यांनी फसणाऱ्या कामावर पैसा घालणं थांबवलं नाही. आज त्यांच्या नव्या विमानांत त्यांचं स्वतःचं इंजिन आहे, आणि त्यातली काही विमानं त्यांनी पाकिस्तानला दिली आहेत.

आता खर्चाकडे वळते, कारण "संरक्षणावर विक्रमी तरतूद" ही बातमी दरवर्षी येते आणि कट्ट्यावर टाळ्या पडतात. २०२५-२६ साली ही तरतूद ६ लाख ८१ हजार कोटींची होती. त्यातले १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. ते जवानांच्या घामाचे आहेत, त्याला मी हात लावणार नाही, मीही पेन्शनवरच जगते. नवी शस्त्रं आणि बांधकाम वगैरे भांडवली खर्चाला १ लाख ८० हजार कोटी. आणि संशोधन करणाऱ्या डीआरडीओला २६,८१६ कोटी. शंभर रुपयांतले चार रुपयेसुद्धा नाहीत. त्या चार रुपयांत क्षेपणास्त्रं, रडार, तोफा, पाणबुडीची यंत्रं आणि इंजिन! संपूर्ण देशाचा, सगळ्या विषयांच्या संशोधनावरचा खर्च बघितला तर तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे. आपले उद्योगपती त्यात फारच थोडा वाटा उचलतात. लग्नांवर किती उचलतात ते आपण टीव्हीवर बघतोच.

याची किंमत कागदावर राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. मिग-२१ च्या जागी यायचं म्हणून तेजसचा प्रकल्प १९८३ साली सुरू झाला. ते वेळेत आलं नाही म्हणून मिग उडत राहिली. २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं, की १९७१ पासून मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातात गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. युद्धात नव्हे, अपघातात. वीस-बावीस वर्षांची, चोवीस-पंचवीसची पोरं. चंदीगडच्या त्या सोहळ्यात पाण्याचे फवारे उडत असताना मला हा आकडा आठवत होता. निवेदक "गौरवशाली परंपरा" म्हणत होता.

आमच्या बँकवाल्या साहेबांशी यावर एकदा बोलणं झालं. ते अभ्यासू आहेत, त्यांनी बिनतोड मुद्दा काढला. म्हणाले, "बाई, स्वीडनच्या विमानातही अमेरिकन इंजिन आहे. दक्षिण कोरियाच्याही. त्यांचं काय बिघडलं?" मी दोन दिवस विचार केला. मुद्दा खरा आहे. पण स्वीडनने दोनशे वर्षांची तटस्थता सोडून मार्च २०२४ मध्ये नाटोत नाव घातलं. कोरियाचा अमेरिकेशी १९५३ पासून करार आहे, अमेरिकेची फौज तिथं राहते. ते उघडपणे एका घरात राहायला गेले आहेत. त्या घराचे नियम त्यांनी मान्य केले आहेत, त्यामुळे इंजिन कुणाचं हा प्रश्न त्यांना रोज सतावत नाही. आपण मात्र सांगतो, आम्ही कुणाच्या घरात राहणार नाही. पूर्वी त्याला अलिप्तता म्हणायचो, आता धोरणात्मक स्वायत्तता म्हणतो. मला ते धोरण आवडतं. माझ्या राष्ट्राभिमानाचा तोच गाभा आहे म्हणा ना. पण स्वतंत्र बिऱ्हाड करणाऱ्याने स्वतःची चूल घ्यावी लागते. नुसतं "आम्ही स्वतंत्र" म्हणत चार घरांतून डबे आणायचे, आणि डबेवाल्याने डोळे वटारले की दुसरा डबेवाला शोधून "हाच खरा मित्र" म्हणायचं, हे काही बिऱ्हाड नव्हे. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये रशियाची एस-४००, फ्रान्सची राफेल, इस्रायलचे ड्रोन आणि रशियाबरोबर केलेलं ब्रह्मोस वापरलं गेलं. आपलं आकाशही होतं आणि ते चांगलं चाललं, त्याचा आनंद आहे. पण लढाई चार दिवसांची होती. ती चार महिने चालली असती तर किती राजधान्यांत फोन करावे लागले असते?

साहेब म्हणाले, रशियावरचं अवलंबित्व कमी झालंय की. झालंय. आपल्या शस्त्र-आयातीतला रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता, तो २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. पण त्या पाच वर्षांत युक्रेनखालोखाल जगात सर्वांत जास्त शस्त्रं आयात करणारा देश आपणच होतो. एका दुकानाची उधारी चार दुकानांत वाटली, एवढंच.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला भेटतात. "शस्त्रांवर खर्चच नको, शाळा काढा, दवाखाने काढा," म्हणणारे. त्यांच्याशी माझं अर्धं पटतं. पण १९६२ बघितलेल्या माणसाला शेजारी देश कीर्तन ऐकून सुधारेल असं वाटत नाही. आणि इंजिन बनवायचं तर आधी शाळाच लागते. आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट होतं. त्याला कुलूप असायचं, कारण काचेचं सामान फुटलं तर नोंद कोण करणार? परीक्षेच्या आधी आठ दिवस ते उघडायचं आणि मुलं लांबून बघायची. मी विज्ञानाची बाई नव्हते, पण त्या कपाटासमोरून बत्तीस वर्षं गेले आणि एकदाही मुख्याध्यापकांना विचारलं नाही की हे रोज का उघडत नाही. बोफोर्सच्या तोफांबरोबर मिळालेली ड्रॉइंगंसुद्धा अशीच पडून राहिली. घोटाळ्याच्या भीतीने कुणी हात लावेना. शेवटी त्यावरून जबलपूरला बनलेली धनुष तोफ २०१९ साली सैन्यात आली, म्हणजे खरेदीनंतर तेहेतीस वर्षांनी. हे वाचलं तेव्हा मला आमचं कपाटच डोळ्यांसमोर आलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की फ्रेंच कंपनीबरोबर नव्या विमानाचं इंजिन इथेच तयार करणार. चांगली गोष्ट आहे. ओझरच्या त्या विद्यार्थ्याला फोन करून मी ही बातमी सांगितली. तो लगेच म्हणाला, "बाई, ड्रॉइंग देणार की 'का' तेही सांगणार?"

मला उत्तर देता आलं नाही. पण यापुढे अर्थसंकल्प आला की एकूण आकडा सोडून मी त्या चार रुपयांचं पान आधी उघडणार आहे, आणि संध्याकाळी कट्ट्यावर साहेबांना विचारणार आहे की यंदा चाराचे पाच झाले का.